विमानाच्या पंखावरील पायवाट

जात्याचे दगड दळून दळून गुळगुळीत झाले, म्हणजे पीठ जाडेंभरडें पडूं लागतें. मग टांकी लावणाऱ्यास हाक जाते. तो छिन्नी-हातोडी घेऊन अंगणांत बसतो आणि घटकाभरांत दगडास पुन्हां दांत आणून देतो. नीरा आणि भीमा यांच्या संगमावर, इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोकास, नीरा-नरसिंहपूर येथें नदींत उतरणारे घाट आहेत. ओलेत्यानें घाट चढणाऱ्या माणसास पाय हीच गोष्ट शिकवितात. शेवाळ धरलेली पायरी कितीहि रुंद असली तरी ती विश्वासाची नव्हे; टांकीचे घाव शिल्लक राहिलेली पायरी अरुंद असली तरी पाय धरून ठेवते. गुळगुळीतपणा डोळ्यांस गोड वाटतो, पायास मात्र खरखरीतपणाच हवा असतो.

विमानाच्या पंखाची गोष्ट नेमकी उलट आहे. पंखावरून वाहणारा वारा जितका सुरळीत जाईल, तितकें विमान सुखानें उडतें. म्हणून पंखाचा पृष्ठभाग नितळ ठेवण्यासाठीं कारागीर दिवसचे दिवस घांसत असतात. परंतु ज्या विमानाचा पंख बैठकीच्या खालीं असतो, त्या विमानांत शिरावयाचें तर माणसास त्याच नितळ पंखावर पाय द्यावा लागतो. वाऱ्यास जें हवें तें पायास नको, आणि पायास जें हवें तें वाऱ्यास खपत नाहीं. ह्या तंट्याची तडजोड म्हणून पंखाच्या मुळाशीं, धडास लागून, फूट-दीड फूट रुंदीची एक खरखरीत पट्टी आंखलेली असते. चढणाऱ्यानें तेवढ्यावरच पाय ठेवावा, तिच्या बाहेर ठेवूं नये. हीच पंखावरील पायवाट होय.

कारखान्यांत तयार झालेल्या विमानावर ही पायवाट आयती येते. स्वतःच्या हातांनीं घरीं विमान बांधणाऱ्यास मात्र ती कशाची करावी हें स्वतःच ठरवावें लागतें. दिसावयास हा निर्णय क्षुल्लक आहे; पण तो चुकला तर माणूस घसरतो, कापड फाटतें, पत्रा वांकतो, किंवा लांकूड आंतल्या आंत कुजतें. पायाखालीं काय आहे हें अगोदर पाहावें आणि मग वरची खरखर निवडावी, हें ह्या विषयाचें सार आहे. तें कोणा एका पंडितानें सांगितलेलें नसून, विमानविद्येच्या इतिहासानें तें हळूहळू शिकविलें आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा, ऐकून नवल वाटेल, इंदापूर तालुक्याच्या ऊंसमळ्यांतून गेलेला आहे.

ता. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत किटी हॉकजवळच्या वाळूच्या मैदानावर ऑर्व्हिल राइट ह्यानें १२ सेकंदांत १२० फुटांचें पहिलें उड्डाण केलें. त्या विमानांत बैठक अशी नव्हतीच. वैमानिक खालच्या पंखावर पालथा निजे आणि कमरेच्या हालचालीनें पंखांस पीळ देई. लांकडी फासळ्यांवर ताणलेलें सुती मलमलीचें कापड, एवढाच तो पंख. जेथें पंख हीच बैठक होती, तेथें बैठकीपर्यंत जाण्याच्या वाटेचा प्रश्न निघण्याचें कारणच नव्हतें.

वैमानिक उठून बसला आणि धडाच्या आंत शिरला, तेव्हां हा प्रश्न जन्मास आला. त्या काळचे पंख लांकडाच्या चौकटीचे असत. चौकटीवर जवसाच्या धाग्याचें अगर सुताचें कापड चढवीत आणि त्यावर सेल्युलोजचें रोगण देत. रोगण वाळतांना कापड आवळलें जाई आणि ढोलकीच्या पुडीसारखें ताठ बसे. असें कापड वाऱ्याचा मोठा भार सहज सोशी, कारण तो भार पंखभर वांटला जाई. परंतु माणसाची टांच म्हणजे सारा भार दोन बोटें जागेंत आणणारें हत्यार होय. दोन फासळ्यांच्या मधोमध ती पडली, कीं कापड टर्रकन् फाटलेंच. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ऑर्मर लॉकलियर नांवाच्या धाडसी वैमानिकानें उडत्या विमानाच्या पंखांवर चालून दाखवून लोकांस थक्क केलें. १९२० सालीं चित्रपटासाठीं उड्डाण करीत असतां तो अपघातांत मरण पावला. त्याच्या धाडसाचें वर्णन करतांना एक साधी गोष्ट सहसा राहून जाते. कापडी पंखावर भरंवशानें पाय टेकावयास तुळई आणि फासळी ह्यांवांचून दुसरी जागाच नसते.

रोज चढउतार करणाऱ्या साध्या वैमानिकास असली कसरत परवडणारी नव्हती. म्हणून पंखाच्या मुळाशीं, चढावयाच्या बाजूस, कापडाखालीं किंवा कापडाऐवजीं प्लायवुडचा तुकडा जडविण्याची चाल पडली. त्यावर कोणी लांकडाच्या बारीक पट्ट्या ठोकीत, कोणी रेघारेघांचें रबर चिकटवीत. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, पंखावरील पायवाट प्रथम निर्माण झाली ती पाय घसरूं नये म्हणून नव्हे, तर पाय आरपार जाऊं नये म्हणून. आधीं भार, मग पकड, हा क्रम तेव्हांपासूनचा आहे आणि आजहि तो बदललेला नाहीं.

हिंदुस्थानांत हा अनुभव प्रथम फ्लाइंग क्लबांच्या द्वारें आला. मुंबईजवळ जुहू येथें १९२८ सालीं विमानाचा तळ सुरू झाला, आणि डी हॅविलंड कंपनीचीं मॉथ जातीचीं दुपंखी विमानें तेथील शिकाऊ मंडळींच्या हातीं आलीं. ह्याच मुंबईच्या क्लबांत शिकून जे. आर. डी. टाटा ह्यांनीं ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक-परवाना मिळविला. मॉथच्या खालच्या पंखाच्या मुळाशीं पाय देऊन वर चढावें आणि उघड्या खोबणींत उतरावें, हा त्या पिढीचा पहिला धडा. पुढें ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें तें पस मॉथ विमानांतून. त्या विमानाचा पंख डोक्यावर होता. दार उघडून जमिनीवरून आंत शिरतां येई. पंख वर घेतला कीं पायवाटेचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि पंख खालीं आला कीं तो पुन्हां उभा राहतो, हें ह्या दोन विमानांवरून दिसून येतें.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी वैमानिकांच्या मोठ्या समूहानें प्राथमिक धडे घेतले ते टायगर मॉथवर. हें विमान १९३१ सालीं प्रथम उडालें, आणि त्याच्या जन्माची कथा चढण्या-उतरण्याशींच निगडित आहे. जुन्या मॉथच्या पुढच्या खोबणीवर वरच्या पंखाचा मधला भाग येत असे. पाठीवर हवाई छत्री बांधलेल्या माणसास संकटकाळीं तेथून झटकन् बाहेर पडणें कठीण जाई. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढें सरकविण्यांत आला, आणि त्यामुळें बिघडलेला तोल सांवरण्यासाठीं पंख किंचित् मागें कलते केले. माणूस आंत कसा शिरतो आणि बाहेर कसा पडतो, ह्या एका प्रश्नापायीं संबंध विमानाचा आकार बदलला. पायवाटेस क्षुल्लक म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण अवश्य लक्षांत ठेवावें.

आतां इंदापूरकडे वळणें प्राप्त आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणी मुलखांत एक हिरवा पट्टा उमटला. ह्याच कालव्याच्या आधारें, इंदापूर तालुक्यांतील कळंब गांवच्या परिसरांत, १९३० नंतरच्या दशकांत शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं ऊंसाची शेती आणि साखरेचा कारखाना उभा केला. त्याभोंवतीं वसलेलें गांव तें वालचंदनगर. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद शेठ एका धंद्यावर समाधान मानणारे गृहस्थ नव्हते. बोगदे, धरणें, आगबोटी, साखर असें करीत करीत त्यांची दृष्टि विमानांकडे गेली. १९३९ सालीं पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासांत त्यांची गांठ विल्यम पॉली ह्या अमेरिकन विमानव्यावसायिकाशीं पडली. त्या भेटींतून विमानाच्या कारखान्याची कल्पना आकारास आली; आणि म्हैसूर संस्थानाच्या साह्यानें ता. २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली.

ह्या कारखान्यांतून उडालेलें पहिलें विमान हार्लो जातीचें होतें. ऑगस्ट १९४१ मध्यें तें आकाशांत गेलें. धातूचें अंग, पंख बैठकीच्या खालीं, आणि शिक्षक व शिष्य एकामागें एक बसलेले, असें तें शिकाऊ विमान होतें. हिंदुस्थानांतील विमान-कारखान्याचा श्रीगणेशाच खालच्या पंखाच्या विमानानें झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. युद्धाच्या निकडीमुळें १९४२ सालीं सरकारनें कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंद शेठांचा त्याच्याशीं असलेला संबंध संपला. परंतु त्यांनीं लाविलेलें रोप जगलें. १९६४ सालीं त्याचेंच रूपांतर हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ह्या संस्थेंत झालें.

त्या रोपास पहिलें स्वदेशी फळ आणलें तें डॉ. विष्णु माधव घाटगे ह्या महाराष्ट्रीय शास्त्रज्ञानें. जर्मनींतील गॉटिंगेन येथें प्रांटल ह्या वायुगतिशास्त्राच्या आचार्यांपाशीं त्यांनीं अध्ययन केलें होतें. घन वस्तूस लागून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो, हा प्रांटलच्या संशोधनाचा गाभा. म्हणजे पंखावरच्या बारीकशा खरखरीनेंहि वारा कां बिथरतो ह्याचें शास्त्र घाटगे मूळ उगमावर शिकले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं आंखलेलें एच. टी. २ हें शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्यें प्रथम उडालें आणि पुढें हवाईदलांत टायगर मॉथची जागा त्यानें घेतली. अंग सर्व धातूचें, पंख खालीं, बैठकी एकामागें एक. शिक्षक असो कीं शिष्य, त्यास पंखावर चढूनच आंत बसावें लागे. अंतराळाच्या काळांत वालचंदनगरच्या कारखान्यानेंहि अग्निबाणांचीं पोलादी कवचें घडविलीं, तो भाग निराळा. पण ऊंसाच्या गांवाचा आकाशाशीं असलेला संबंध किती जुना आहे हें त्यावरून कळावें.

धातूच्या पंखाबरोबर पायवाटेचा प्रश्न पालटला. कापड गेलें आणि पाय आरपार जाण्याची भीति बव्हंशीं गेली. आतां घसरण्याची भीति मोठी झाली. रंगविलेला पत्रा कोरडा असतां ठीक वाटतो, पण पहांटेचें दंव, पावसाचा शिंतोडा किंवा इंजिनांतून उडालेला तेलाचा थेंब त्यावर पडला, कीं तो सांडलेल्या तुपासारखा होतो. शेंपटाखालीं चाक असलेलीं विमानें जमिनीवर नाक वर करून उभीं राहतात. त्यामुळें त्यांचा पंख मागच्या बाजूस उतरता असतो. चढणारा चढणीवर असतो आणि उतरणारा उतरणीवर असतो.

ह्याहून गंभीर प्रसंग शिष्याच्या पहिल्या एकट्या उड्डाणाचा. शिक्षकाची खात्री पटली, कीं तो धांवपट्टीच्या कडेस विमान थांबवितो, दोन शब्द बोलतो आणि खालीं उतरून शिष्यास एकटा जाऊं देतो. अशा वेळीं इंजिन पुष्कळदां चालूंच ठेवतात. पंख्याचा झोत अंगावर येत असतो, पाठीवर छत्रीचें ओझें असतें, आणि चार-सहा फुटांवर पंख्याचीं पातीं डोळ्यांस न दिसणाऱ्या वेगानें फिरत असतात. मागें घसरला तर माणूस आपटेल. पुढें घसरला तर काय होईल तें सांगावयास नको. त्या क्षणीं शिक्षकाचा जीव पंखावरच्या त्या फूटभर रुंदीच्या खरखरीवर अवलंबून असतो.

म्हणूनच युद्धोत्तर काळांत ही बाब कारागिराच्या मर्जीवर सोडली गेली नाहीं. न घसरणारा रंग व न घसरणारी चटई ह्यांसाठीं अमेरिकन सैन्यानें स्वतंत्र नियम लिहून काढले, आणि असा माल तयार करणारे कारखाने निघाले. त्याच सुमारास एक दुसरी चळवळ उभी राहत होती. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी ह्यानें मिलवॉकी शहरीं हौशी विमानबांधणाऱ्यांचा संघ काढला. गॅरेजांत, गोठ्यांत, तळघरांत माणसें विमानें बांधूं लागलीं. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन ह्यानें १९७१ सालीं आर-व्ही मालिकेंतील पहिलें खालच्या पंखाचें धातूचें विमान उडविलें. त्या मालिकेचीं दहा हजारांहून अधिक विमानें हौशी लोकांनीं आजवर स्वतः जोडून उडविलीं आहेत. १९७५ सालीं बर्ट रुटान ह्यानें फेस आणि कांचतंतु ह्यांचें विमान उडवून धातूलाहि पर्याय दाखविला. म्हणजे घरीं विमान बांधणाऱ्यापुढें आतां कापड, लांकूड, पत्रा आणि कांचतंतु अशा चार तऱ्हांचे पंख आले, आणि प्रत्येकाची पायवाट वेगळी ठरली.

महाराष्ट्रांतहि ह्या वेडाचा माणूस निघाला. व्यवसायानें वैमानिक असलेले अमोल यादव ह्यांनीं मुंबईंत कांदिवली येथें राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी १९१६ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, फेब्रुवारी २०१६ मध्यें तें मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. नोंदणी व्हावयास २०१७ साल उजाडलें आणि चांचणी-उड्डाणाच्या परवानगीसाठीं २०१९ पर्यंत वाट पाहावी लागली. गच्चीवर विमान बांधणाऱ्यास मोठ्या कारखान्याचें भांडार पाठीशीं नसतें. खिळ्यापासून रंगापर्यंत प्रत्येक वस्तु कां घेतली, ह्याचें उत्तर त्यास स्वतःस आणि सरकारी तपासनिसास देतां आलें पाहिजे. पायवाटेचा मालहि त्यांतच आला.

असा माल निवडतांना विचार कोणत्या क्रमानें करावा, हें वरील इतिहासावरूनच निघतें. पहिला प्रश्न खालच्या थराचा. पंख कापडी असेल, तर पायवाटेच्या जागीं कापडावर कोणताहि लेप देऊन भागत नाहीं; तेथें आधीं प्लायवुड हवें आणि तें फासळ्यांवर व तुळईवर टेकलेलें हवें. पंख पत्र्याचा असेल, तर पाय पडेल तेथें पत्रा दुहेरी करावा किंवा आंतून जादा फासळ्या द्याव्या. दाबला असतां तेलाच्या डब्याच्या बुडासारखा खालीं-वर टिचकणारा पत्रा काळांतरानें भेगाळतो, आणि त्यावर चिकटविलेलें कांहींहि लवकर सुटतें.

दुसरा प्रश्न खरखरीचा. सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे रंगांत रेती. पायवाटेची जागा कागदी चिकटपट्टीनें आंखून घ्यावी, घांसून स्वच्छ करावी, रंगाचा जाड हात द्यावा आणि तो ओला असतांनाच चाळणींतून रेती सारखी भुरभुरावी. वाळल्यावर सुटे कण झाडून काढावे आणि वर दुसरा हात देऊन कण जखडून टाकावे. यश सारें रेतींत आहे. भीमेच्या किंवा नीरेच्या पात्रांतली वाळू पाण्यानें घोळून घोळून गोलसर झालेली असते, आणि तिच्यांत गाळहि असतो. ती पायास फारशी चावत नाहीं. चुरून चाळलेली, धारदार कणांची, धुऊन वाळविलेली गारेची रेती चांगली. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हलका असतो आणि गुडघा टेकला तर सोलवटून काढीत नाहीं; पण तो लवकर झिजतो. अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण सर्वांत टिकाऊ, परंतु चपलेचा तळ आणि पाटलोणीचा गुडघा ह्यांचे ते वैरी होत.

दुसरा उपाय तयार चिकटपट्टीचा. कांचकागदासारखी खरखर वर आणि गोंद खालीं, अशी ही पट्टी जिन्याच्या पायऱ्यांवरहि लावतात. ती लावावयास सोपी आणि झिजल्यावर बदलावयास त्याहून सोपी. परंतु तिच्या कडा तिच्या वैरिणी आहेत. चौकोनी कोंपरा बुटाच्या टोकानें उचलला जातो, म्हणून कोंपरे गोल कापावे. एकच लांब पट्टी लावण्यापेक्षां बोटभर अंतर सोडून लहान तुकडे लावावे, म्हणजे पाणी मधून वाहून जातें आणि एक तुकडा सुटला तरी बाकीचे राहतात. पेट्रोल सांडलें तर कांहीं गोंद विरघळतात. आणि सुटलेल्या कडेखालीं साचलेलें पाणी अॅल्युमिनियमच्या पत्र्यास आंतून खातें. रिव्हेटांच्या ओळी शक्य तों उघड्या ठेवाव्या. सैल झालेलें रिव्हेट आपल्याभोंवतीं काळसर माग सोडतें. तो माग दिसला पाहिजे, झांकला जातां कामा नये.

तिसरा उपाय रबराचा. रेघांची रबरी चटई पायास मऊ लागते आणि कापडाच्या व लांकडाच्या जुन्या विमानांस ती शोभतेहि. पण ती वजनदार असते, उन्हानें तडकते आणि तिच्याखालीं ओल राहिली तर लांकूड कुजतें. चौथा उपाय मालमोटारींच्या हौद्यांस देतात तसल्या जाड लेपाचा. तो चिवट खरा, परंतु एकदां दिला कीं काढणें महाकठीण. आणि विमानांत कोणतीहि वस्तु पुढेंमागें काढावी लागेल असें समजूनच लावावयाची असते.

तिसरा प्रश्न उन्हाचा. पायवाट काळी करण्याची रूढि आहे, कारण ती ठळक दिसते. पण बारामती-इंदापूरकडील वैशाखाच्या उन्हांत काळा पृष्ठभाग हात ठेववणार नाहीं इतका तापतो. पत्र्यास त्याचें विशेष कांहीं वाटत नाहीं. फेस आणि कांचतंतूच्या पंखास मात्र तें घातक ठरूं शकतें, कारण त्यांतील राळ तापली कीं नरमते. तसलीं विमानें पांढरीं रंगवितात तीं उगीच नव्हेत. अशा पंखावर रेतीचा रंग फिकट असावा. कडा ठळक दिसाव्या म्हणून बारीकशी गडद रेघ पुरे होते.

चवथा प्रश्न वाऱ्याचा. पंखाच्या पुढच्या कडेस खरखर नेऊं नये. वारा तेथेंच पंखास प्रथम लागतो, आणि तेथें बिथरलेला वारा मागें सांवरत नाहीं. माणसास मागच्या कडेवरून दारापर्यंत जावयाचें असतें. पट्टी तेवढ्यापुरतीच असावी. मागच्या कडेचा हलता भाग बहुधा पाय देण्याजोगा नसतो आणि त्यावर तशी सूचना लिहिलेली असते. पायपर कंपनीच्या चेरोकी विमानांत तो भाग पूर्ण वर घेतला असतां अडकून घट्ट बसतो आणि पाऊल सोसतो. तोच अर्धवट खालीं असतां पाय दिला तर माणूस पडतो. म्हणून आपल्या विमानांत काय चालतें हें पायवाटेच्या रंगानेंच सांगितलेलें बरें.

ह्या सर्वांवर एक कसोटी आहे आणि तिला विद्वत्तेची गरज नाहीं. पंखाच्याच मालाचा एक उरलेला तुकडा घ्यावा. निवडलेली खरखर त्यावर चढवावी, महिनाभर उन्हापावसांत ठेवावी, त्यावर थोडें पेट्रोल व तेल सांडावें. मग तो तुकडा कलता धरून, ओला करून, रोजच्या वापरांतल्या जोड्यानें त्यावर उभें राहून पाहावें. जें तुकड्यावर टिकलें तेंच पंखावर चढवावें. शेवटीं त्याचें वजन विमानाच्या तोलाच्या हिशोबांत मांडावें. थोडें असलें तरी मांडावें.

आज बारामतीस हा विषय परका नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहतीजवळ तेथें धांवपट्टी झाली आणि वैमानिकांच्या शाळा आल्या. ऊंसाच्या फडांवरून शिकाऊ विमानांची घरघर येथील शेतकऱ्यांच्या कानांस सवयीची झाली आहे. शिकणारे बहुधा वरच्या पंखाच्या लहान विमानांवर हात बसवितात. ता. २५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून निघालेलें असेंच एक विमान इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. आंत एकटी असलेली शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. त्या जातीच्या विमानांतून दार उघडून थेट मातींत पाय टाकतां येतो. खालच्या पंखाच्या विमानांतून मात्र संकटांतहि वाट पंखावरूनच जाते. चढतांना जी सोय असते, तीच पळतांना सुटकेची वाट होते. आणि ह्या भागांतली काळी चिकण माती पावसाळ्यांत जोड्याच्या तळास लिंपून बसली, कीं उत्तमांतल्या उत्तम खरखरीचेंहि कांहीं चालत नाहीं. पंखावर चढण्यापूर्वीं तळवे पुसावे, हा नियम कोणत्याहि मालाबरोबर डब्यांत येत नाहीं.

पंखावरील पायवाट कायमची नसते. हजार पावलांनीं ती झिजते, जात्यासारखीच गुळगुळीत होते आणि झिजतांना आवाज करीत नाहीं. म्हणून वर्षाकांठीं तपासणी करतांना इंजिनाबरोबर तिच्यावरूनहि हात फिरवावा. दळणारी बाई पीठ चिमटींत धरून जात्याची धार ओळखते. विमान बांधणाऱ्याची पारख त्याच्या तळहातांत असावी. हातास ती गुळगुळीत लागली, कीं टांकी लावण्याची वेळ आली.